ओतीव लोखंडाची बुलेट, पल्सरचा फोर्क आणि पोलोग्राउंडचे लेथकाम : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

इंदुरात बांधून घेतलेली ही मोटारसायकल गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यावर आली. त्यानंतरचा पाऊस, थंडी आणि माळव्यातला कडक उन्हाळा अशा सगळ्या हवामानात ती रोजच्या कामाला आणि लांबच्या फेऱ्यांनाही वापरली गेली असल्यामुळे तिच्याविषयी आता काही ठामपणे लिहिता येईल. पाया नव्वदच्या दशकातल्या बुलेट ३५० चा आहे. कागदपत्रे स्वच्छ असलेली ही जुनी गाडी महूला मिळाली. तिचे ओतीव लोखंडाचे ३४६ सीसीचे इंजिन, म्हणजे ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), तसेच ठेवले. उजव्या पायाचा, चार गिअरचा स्वतंत्र गिअरबॉक्सही तोच आहे. पुढचा फोर्क (चाक धरणाऱ्या दोन नळ्या), चाक आणि डिस्क ब्रेक पल्सर २२० चे आहेत, तर मागचे शॉकअप तिसऱ्याच गाडीचे. टाकी, सीटखालची फ्रेम, मडगार्ड, वरची टी (फोर्कच्या नळ्या धरणारी आडवी पकड) आणि फूटरेस्टचे ब्रॅकेट इथेच पत्र्यातून, नळीतून आणि ॲल्युमिनियमच्या प्लेटमधून तयार करवून घेतले.

इतक्या महिन्यांत माझे एक मत पक्के झाले आहे. अशा गाडीत सुटे भाग क्वचितच त्रास देतात. त्रास होतो तो दोन कंपन्यांचे भाग जिथे एकमेकांना भेटतात त्या जागी. इंजिन, डिस्क, चाक, शॉकअप हे सगळे आपापल्या मूळ गाडीत वर्षानुवर्षे सिद्ध झालेले भाग आहेत. त्यांच्या मधला बुश, स्लीव्ह (भोकात दाबून बसवायची कडी), स्पेसर किंवा ब्रॅकेट मात्र कुणीतरी मागच्या आठवड्यात लेथवर काढलेला असतो, आणि गाडी कशी चालेल हे शेवटी तोच ठरवतो. म्हणून या अनुभवातला मोठा भाग याच किरकोळ दिसणाऱ्या तुकड्यांचा आहे.

सर्वांत जास्त विचार, पैसा आणि वेळ पुढच्या फोर्कने घेतला. मूळ बुलेटचे पुढचे चाक १९ इंची आणि पल्सरचे १७ इंची असल्यामुळे नुसत्या चाकानेच गाडीचे नाक अडीच सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. त्यात मागे नव्या रिमवर ११०/९०-१८ चा टायर घातल्याने मागची बाजू किंचित वरच राहिली. गाडी पुढे झुकली की मानेचा, म्हणजे हँडल ज्यात फिरते त्या फ्रेमच्या पुढच्या नळीचा, कोन उभा होतो आणि ट्रेल कमी होतो, म्हणजे मानेची रेषा जमिनीला जिथे टेकते तो बिंदू आणि टायर जिथे टेकतो तो बिंदू यांतले अंतर घटते. उदाहरणादाखल चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर आणि एकूण ऑफसेट (मानेच्या रेषेपासून ॲक्सलचे अंतर) ५० मिलिमीटर धरला, तर मान उभ्या रेषेपासून २७ अंशांना असताना ट्रेल सुमारे ९७ मिलिमीटर भरतो आणि २५ अंशांना तो ८५ वर येतो. कागदावर हा फरक बोटभराचाही नाही. पण बायपासवर शेजारून ट्रेलर गेला की हँडल हातात किती स्थिर राहते, हे याच फरकावर अवलंबून असते.

आम्ही गाडी सपाट फरशीवर सरळ उभी करून मानेच्या रेषेत एक लांब पट्टी धरली, चाकाच्या ॲक्सलवरून ओळंबा सोडला आणि फरशीवरच्या दोन खुणांमधले अंतर मोजले. त्यानंतर फोर्कच्या नळ्या वरच्या टीच्या पातळीपर्यंत खाली घेतल्या आणि मागे थोडे आखूड शॉकअप लावून नव्वद मिलिमीटरच्या आसपासचा ट्रेल मिळवला. याची किंमत ग्राउंड क्लिअरन्समध्ये मोजावी लागली. मागे कुणी बसले असेल, तर इंदूरच्या कॉलन्यांमधले हौसेने उंच केलेले गतिरोधक तिरके घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावरच्या स्थिरतेसाठी ही तडजोड मला मान्य आहे.

मानेचा सांधा ही या गाडीची खरी परीक्षा ठरली. पल्सरची खालची टी बुलेटच्या मानेत बसवण्यासाठी कोनसेटच्या (मानेतल्या मूळ गोळ्यांच्या बेअरिंगच्या) जागी टेपर रोलर बेअरिंग घेतले आणि मानेच्या भोकात बेअरिंगच्या मापाच्या स्लीव्ह दाबून बसवल्या. पहिले काही महिने सर्व ठीक होते. नंतर खंडवा रोडवर भेरूघाट उतरताना ब्रेक दाबला की हँडलमध्ये एक हलका ठोका जाणवू लागला. बेअरिंगचा नट आवळल्यावर तो दोन दिवस जायचा आणि परत यायचा. शेवटी इंजिनखाली जॅक लावून पुढचे चाक अधांतरी केले. एकाने फोर्कचे खालचे टोक धरून पुढे-मागे हलवले, दुसऱ्याने स्लीव्ह आणि मान यांच्या फटीवर बोटाचे टोक ठेवले, तेव्हा बेअरिंग घट्ट असूनही स्लीव्हच मानेत सूक्ष्म हलत असल्याचे बोटाला स्पष्ट कळले. दाबून बसवायची स्लीव्ह भोकापेक्षा काही शतांश मिलिमीटर मोठी असायला हवी. ज्या कारखान्याने ती काढली होती, तिथे ती हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी आत गेली होती, आणि वर “भिया, चलते-चलते सब बैठ जाएगा” असे आश्वासनही मिळाले होते. ब्रेक दाबताना गाडीचे सगळे वजन जिथे येते, तिथे काहीही आपोआप ‘बैठत’ नसते. पोलोग्राउंड या इंदूरच्या औद्योगिक भागातल्या दुसऱ्या टर्नरने (लेथ कारागिराने) मानेचे भोक आधी मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजले, ते किंचित लंबगोल झाल्याचे दाखवले, साफ करून घेतले आणि मग ईएन-८ पोलादाच्या नव्या स्लीव्ह प्रेसवर बसवल्या. त्यानंतर मानपूर घाट, जामगेटची उतरण आणि मांडूचा रस्ता झाला. ठोका पुन्हा आला नाही.

ब्रेकबद्दल मात्र निर्भेळ समाधान आहे. मूळ ड्रम ब्रेक ज्यांनी वापरला आहे, त्यांना २६० मिलिमीटरची डिस्क म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. इथे एकच पथ्य पाळले : कॅलिपर (डिस्कला चिमटणारा भाग) ज्या गाडीचा, मास्टर सिलिंडरही (लिव्हरपाशी ब्रेकचे तेल दाबणारा भाग) त्याच गाडीचा. दोन्हींच्या पिस्टनचे प्रमाण जुळले नाही, तर लिव्हर एकतर दगडासारखा लागतो किंवा थेट हँडलपर्यंत येतो. मागचा ड्रम डाव्या पायाखाली तसाच आहे. दुसरी एखादी गाडी चालवून परत हिच्यावर बसले, की पहिल्या चौकापर्यंत पायांना जागे ठेवावे लागते.

टाकी १.२ मिलिमीटरच्या सीआरसी (थंड लाटलेल्या) पत्र्याची, टिग वेल्डिंगने जोडलेली आहे. आत अगदी कमी दाबाची हवा भरून आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून ती तपासली, तेव्हा दोन सूक्ष्म छिद्रे सापडली आणि रंगाच्या आधीच बंद करता आली. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे कॉकचे रबरी वॉशर फुगून गळती सुरू झाली होती. तिथे व्हिटॉनचे (इंधनाला टिकणाऱ्या रबराचे) वॉशर घातल्यावर ती थांबली. हे पेट्रोल हवेतला ओलावा धरते, त्यामुळे पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी आठवडाभर उभी करणे मी टाळतो.

टाकीचा मागचा ब्रॅकेट मात्र हिवाळ्यात तडकला. तडा वेल्डच्या मण्यात नव्हता; तो मण्याच्या लगत, तापून कडक झालेल्या पट्ट्यात होता. लांब स्ट्रोकच्या एकेरी सिलिंडरची थरथर अशीच जागा शोधत असते. तोच ब्रॅकेट जाड पत्र्यात परत वेल्ड करण्यापेक्षा त्याला त्रिकोणी गसेट (आधाराचा तुकडा) दिला आणि टाकी व ब्रॅकेट यांच्यामध्ये जाड रबरी बुश घातले. जाडी वाढवून थरथर फक्त पुढच्या सांध्यावर ढकलली जाते. सीटखालच्या फ्रेमला सुरुवातीपासून सीमलेस नळी वापरली होती, तिथे काहीही झालेले नाही.

ज्यावर फारसे कुणी बोलत नाही, असा विषय म्हणजे पावडर कोटिंग, भुकटी फवारून भट्टीत भाजलेला रंग. दिसायला ते उत्तम आहे. गाडीवर माळव्याच्या काळ्या मातीचा चिखल सुकला तरी नुसत्या पाण्याने निघतो. पण हा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो आणि तो वीज वाहू देत नाही. माझ्या फ्रेमचे कोटिंग करणाऱ्यांनी अर्थिंगच्या जागा, आटे आणि इंजिन माउंटचे स्पर्शपृष्ठ झाकलेच नव्हते. परिणामी डावा इंडिकेटर लावला की मागचा दिवा मंद होई, आणि हॉर्न वाजवला की मीटर क्षणभर विझे. वायरमनने दोन वेळा वायरिंग तपासून ते निर्दोष ठरवले, आणि ते निर्दोष होतेच. बॅटरीच्या अर्थ वायरीखालचा कोट गोल ब्लेडने खरवडून चकचकीत धातू उघडा केला, तिथे दातेरी वॉशर आणि वर ग्रीस लावले, तेव्हा सगळे विकार एकदम गेले. इंजिन माउंटमध्ये हाच कोट दबून झिजतो आणि बोल्ट सैल पडतात. कोटिंगला फ्रेम देण्याआधी कुठे रंग नको ते खडूने लिहून, शक्य तिथे जुने बोल्ट पिळून देणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगायचे, तर त्याला हात न लावण्याचा निर्णय योग्य ठरला. मिककार्ब व्हीएम-२४ कार्ब्युरेटर आणि पॉइंट्स (ठिणगीची वेळ ठरवणारे जुन्या पद्धतीचे संपर्क) तसेच ठेवले. २०डब्ल्यू-५० तेल वेळेवर बदलले की ते तक्रार करत नाही. सत्तर ते पंचाहत्तरच्या वेगात गाडी सुखाने चालते. त्यापुढे ती जाते, पण आरसे निरुपयोगी होतात. मे महिन्यात जामगेट उतरून निमाडात गेलो असता दुपारच्या उन्हात मंद वेगात इंजिन जड वाटले. ओतीव लोखंडाचा हा स्वभावच आहे. दहा मिनिटे सावलीत उभी केली की पुरते. एलईडी हेडलाइटमुळे जुन्या अल्टरनेटरवरचा भार हलका झाला आणि रात्री ट्रॅफिकमध्ये बॅटरी उतरण्याचा प्रश्न मिटला.

आता कायद्याचा मुद्दा, कारण गाडी आवडलेल्या प्रत्येकाचा दुसरा प्रश्न तोच असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून चॅसिस क्रमांक कोरलेली मूळ फ्रेम मानेपाशी कापली नाही, इंजिन त्याच क्रमांकाचे ठेवले, आसन दोघांचेच राहू दिले आणि रंगबदल रीतसर नोंदवला. एकट्याच्या सीटचा मोह अनेकांना होतो, पण प्रमाणपत्रात आसनसंख्या लिहिलेली असते हे ते विसरतात. सायलेन्सर स्टेनलेस स्टीलचा असला तरी आत पूर्ण बॅफल (आवाज दाबणारा भाग) आहे. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना दचकवणारी गाडी मला नकोच होती. एवढे करूनही पुढच्या फोर्कचा बदल निर्धोक आहे, असे मी म्हणणार नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नायता मुंडल्याच्या आरटीओत गाडी दाखवावी लागते, तेव्हा तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे मत महत्त्वाचे ठरते. म्हणून मूळ फोर्क, ड्रम आणि चाक तेल लावून माळ्यावर ठेवले आहेत. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवलेले बरे, नाहीतर दावा करण्याच्या वेळी वाद होतो.

जुन्या गाडीसकट खर्च दीड लाखाच्या पुढे गेला. तेवढ्या पैशात वॉरंटी असलेली, जास्त पळणारी आणि कमी थरथरणारी वापरलेली गाडी सहज मिळते. ज्यांना फक्त प्रवास करायचा आहे, त्यांनी तीच घ्यावी. ज्यांना मापे घेण्यात, लेथवर उभे राहण्यात आणि सियागंजच्या बाजारात अर्धा दिवस एका बोल्टसाठी फिरण्यात रस आहे, त्यांना हा खर्च जड वाटणार नाही. मागे बसणाऱ्यांचे मत वेगळे आहे : आखूड शॉकअपमुळे आमच्या सौ. शहराबाहेर या गाडीवर येत नाहीत. म्हणून पावसाळ्यापूर्वी तीच लांबी ठेवून थोड्या मऊ स्प्रिंगचे शॉकअप लावण्याचे ठरवले आहे.

बांधणीची तयारी करणाऱ्यांना एक व्यवहारी सूचना करतो. अशा गाडीचे सुटे भाग दुकानात ‘बुलेटचे’ म्हणून मागता येत नाहीत. ब्रेक पॅड पल्सरचे, क्लच केबल बुलेटची पण लांबी वेगळी, मानेचे बेअरिंग तर कोणत्याच गाडीचे नाही. माझ्या सीटखाली एक लॅमिनेट केलेला कागद आहे. त्यावर बेअरिंगचे क्रमांक, ऑइल सीलची मापे, केबलच्या लांब्या, स्लीव्हचे अंतर्बाह्य व्यास आणि कोणता भाग कोणत्या गाडीचा हे लिहिलेले आहे. बांधणाऱ्याकडून शेवटचा हप्ता देण्यापूर्वी हा कागद लिहून घ्यावा. हप्ता दिल्यानंतर तो मिळत नाही.