छापावरची तारीख १७९०, कागद मात्र साठ वर्षांनंतरचा

जुनी इंग्रजी व्यंगचित्रं, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर कोरून छापलेली अठराव्या शतकातली चित्रं, विकत घ्यायच्या विचारात कुणी असेल तर माझी ही हकीकत आधी वाचावी. परदेशात राहणारी आपली मुलं आईवडिलांसाठी किंवा नव्या घराच्या भिंतीसाठी हौसेने अशी चित्रं घेतात, त्यांनी तर वाचावीच. माझे ४२० पौंड गेले. निवृत्त शिक्षिकेच्या हिशेबात ही रक्कम लहान नाही.

मी नाशिकची. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आमच्याकडे आनंदवल्लीचं नाव निघालं की राघोबादादा आणि आनंदीबाई ओघाने येतातच. पेशवाई परत मिळवण्यासाठी राघोबादादांनी आपला वकील थेट लंडनला पाठवला होता, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचे. हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर दोन पारशी, बाप-लेक. १७८१ साली तिथे या मंडळींची राहण्या-जेवण्याची अडचण झाली, तेव्हा ब्रिटिश संसदेचे सदस्य एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं. हणमंतरावांना स्वतःच्या हाताने स्वयंपाक आणि पूजाअर्चा करता यावी म्हणून बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणारे बर्क ते हेच. वसईच्या किंवा सालबाईच्या तहापेक्षा मुलांना हे काचघर जास्त लक्षात राहायचं.

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे लंडनजवळच्या स्लाउला गेले होते. बीकन्सफील्ड तिथून जवळ. बर्क यांचं घर १८१३ सालीच जळून गेलं, पण गावातल्या चर्चमध्ये त्यांची समाधी आहे, ती पाहिली. त्याच आठवड्यात शेजारच्या एका गावात सभागृहात जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. सून म्हणाली, "आई, चला, तुम्हाला आवडेल." आणि तिथे तिसऱ्या की चौथ्या टेबलावर बर्क माझ्याकडे बघत होते.

जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराचं ते प्रसिद्ध चित्र. रात्रीची वेळ, फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेणारे धर्मगुरू रिचर्ड प्राइस टेबलाशी बसून लिहिताहेत आणि दचकून मागे वळून बघताहेत. मागे धुराच्या लोटातून एक अवाढव्य नाक आलंय, नाकावर चष्मा, दोन्ही बाजूंना दोन हात. एका हातात राजमुकुट, दुसऱ्यात क्रूस. बर्क यांचं बाकी शरीरच नाही. फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका करणारं त्यांचं पुस्तक १७९०च्या नोव्हेंबरात आलं आणि महिन्याभरात गिलरे यांनी हे चित्र काढलं. खाली बारीक अक्षरांत प्रकाशनाची ओळ: ३ डिसेंबर १७९०, एच. हम्फ्री, १८ ओल्ड बाँड स्ट्रीट.

ही हम्फ्री म्हणजे हॅना हम्फ्री. लंडनमध्ये स्वतःच्या नावाने छापचित्रांचं दुकान चालवणारी बाई. गिलरे यांची बहुतेक महत्त्वाची चित्रं तिनेच विकली, ते तिच्याच घरात वरच्या मजल्यावर राहत आणि १८१५ साली तिथेच वारले. तिच्या दुकानाच्या खिडकीत नवं चित्र लागलं की रस्त्यावर गर्दी जमायची. त्या दुकानातून निघालेला कागद आपल्या हातात आहे, या कल्पनेनेच माझे हात थरथरत होते.

विकणारा साठीचा, मृदू बोलणारा माणूस. मी बर्क यांना ओळखलं म्हणून त्याला फार आनंद झाला. हणमंतरावांची गोष्ट त्याने मन लावून ऐकून घेतली. मग ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "तारीख तुम्हीच वाचा. मी काही सांगायला नको." रंगांबद्दल विचारलं तर म्हणाला, हम्फ्रीच्या दुकानात हाताने रंगवून विकत, हे तसंच. फ्रेमची मागची बाजू जुन्या तपकिरी कागदाने बंद केलेली होती. ती उघडून दाखवाल का, असं मी विचारलं. "उघडली तर जुनी फ्रेम बिघडते, किंमत उतरते." मला ते पटलं. सुनेने कार्ड पुढे केलं, तर म्हणाला रोख दिलेत तर साडेचारशेचे चारशे वीस करतो. मुलाने पावती मागून घेतली. पावतीवर लिहिलं होतं: गिलरे, बर्कचं चित्र, फ्रेमसह. वर्ष नव्हतं. आमच्या ते लक्षातही आलं नाही.

जुलैअखेर परत आले. नाशिकच्या पावसाळ्यात काचेच्या आतून वाफ धरली आणि महिन्याभरात खालच्या कोपऱ्यात बुरशीचे ठिपके दिसायला लागले. घाबरून आमच्या नेहमीच्या फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याने ब्लेडने तपकिरी कागद कापला. तो कागद मुळी जुना नव्हताच, चहाच्या पाण्याने रंगवल्यासारखा होता. आत एक पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली कडांना चिकटवलेला पांढरा कागद. तो अलगद सोडवता सोडवता फ्रेमवाला थांबला.

"बाई, याच्या मागेपण चित्र आहे हो."

मागे दुसरंच व्यंगचित्र होतं, काळ्या शाईत, कडेपासून कडेपर्यंत. मी तिथल्या स्टुलावर बसले.

त्या क्षणी नक्की काय झालंय ते कळलं नव्हतं, पण १७९० साली दुकानात सुटं विकायचं चित्र कुणी पाठपोट छापणार नाही, एवढं समजत होतं. पुढचे दोन आठवडे मी हेच वाचत बसले. लंडनच्या एका लिलावघराला फोटो पाठवले, त्यांनी चार ओळींत उत्तर दिलं आणि सगळा उलगडा झाला.

कोरलेली तांब्याची प्लेट कलाकाराबरोबर मरत नाही. हॅना हम्फ्रीच्या मागे गिलरे यांच्या प्लेटी तिच्या भाच्याकडे गेल्या आणि पुढे हेन्री बोन या प्रकाशकाच्या हाती पडल्या. त्यांनी १८५१ साली त्याच प्लेटींवरून पाचशेहून अधिक चित्रं नव्याने छापून मोठाल्या ग्रंथाच्या रूपात विकली. जाड कागद, दोन्ही बाजूंना छपाई, रंग नाही. पुढे लोकांनी ते ग्रंथ फाडून पानं सुटी केली. आणि प्लेट तीच असल्यामुळे प्रकाशनाची ओळही तीच: १७९०, हम्फ्री, ओल्ड बाँड स्ट्रीट. १८५१ मध्ये छापलेल्या कागदावर १७९० ही तारीख अगदी प्रामाणिकपणे उमटते. तारीख कोरणाऱ्याने फसवलेलं नाही. फसवतो तो त्यावर बोट ठेवणारा.

ही ओळ प्लेटवर का असते, तेही सांगते, कारण माझा विश्वास तिथेच बसला होता. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराच्या कोरीव चित्रांच्या चोरून नकला निघायला लागल्या, तेव्हा त्यांनी आणि इतर कोरणाऱ्यांनी संसदेकडे अर्ज केला आणि १७३५ साली कायदा झाला. हक्क हवा तर प्रकाशनाची तारीख आणि मालकाचं नाव प्रत्येक प्लेटवर कोरायचं. ती ओळ म्हणजे हक्काची नोंद. कागद कधी छापला हे ती सांगत नाही. होगार्थ यांच्या स्वतःच्या प्लेटींचंही हेच झालं. त्यांच्या पत्नीनंतर त्या बॉयडेल या प्रकाशकाकडे गेल्या आणि १८२२ साली झिजलेल्या रेघा पुन्हा कोरून छापल्या गेल्या. होगार्थ १७६४ साली वारले होते.

आता, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नाही, याचं वाईट वाटतं. तांब्याची प्लेट दाबाखाली छापताना कागदावर तिच्या कडांचा खोलगट चौकोन उमटतो. माझ्या चित्रात एका बाजूला दोन कडा शेजारीशेजारी धावत होत्या, बोटभर अंतरावर. दुसरी कड मागच्या चित्राची. मुलाच्या घरी मी त्यावरून बोटही फिरवलं होतं. धुराच्या लोटात जी करडी सावली होती, ज्याला तो माणूस "जुनी शाई" म्हणाला, ती पाठीमागच्या चित्राची शाई. बोन यांच्या छापांना वरच्या उजव्या कोपऱ्यात छोटा क्रमांक असतो. माझ्या चित्रातला क्रमांक पुठ्ठ्याच्या चौकटीखाली बरोबर झाकला होता. ती चौकट तीन बाजूंना सैल आणि वरून मात्र घट्ट का, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

रंगाचं तर भिंगाखाली स्वच्छ दिसलं. प्राइस यांच्या खुर्चीजवळ कागदाला एक जुनी घडी आहे. लाल रंग त्या घडीत उतरून दाट झालाय, तिथे रेघ ओढल्यासारखी दिसते. म्हणजे घडी आधी पडली, रंग नंतर भरला. बहुधा अलीकडेच, विकण्यासाठी.

मुलाने त्या माणसाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "चित्र गिलरेच्या मूळ प्लेटवरूनच छापलेलं आहे. मी खोटं काय बोललो?" पावतीवर वर्ष नाही, पैसे रोख दिलेले. ब्रिटनमध्ये शंभर पौंडांवरची खरेदी क्रेडिट कार्डाने केली तर वस्तू सांगितली तशी नसल्यास कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते. रोखीला तो आधार नाही. ते तीस पौंड कमी करण्यामागचं कारण आता कळतं. ऑनलाइन घेतलं असतं तर चौदा दिवसांत परत करायचा हक्क मिळाला असता, समोरासमोरच्या बाजारात तोही नाही. लिलावघराच्या मते माझ्या छापाला दिलेल्या पैशांच्या पावपटही येणार नाहीत.

तुम्ही घ्यायला गेलात तर फ्रेम उघडायला लावा, एवढं तरी कराच. विकणारा नाही म्हणाला तर तिथून निघा, बर्क असोत की आणखी कुणी. कागद उजेडासमोर धरून बघा. पाण्यातली खूण (वॉटरमार्क) दिसली आणि तिच्यात वर्ष असलं तर छाप त्या वर्षाच्या आधीचा असूच शकत नाही. मात्र कागद विणलेल्या जाळीवर बनवलेला, गुळगुळीत आहे म्हणून तो नंतरचाच, असं समजू नका. तसा कागद इंग्लंडमध्ये व्हॉटमन यांच्या कागद गिरणीत १७५७च्या सुमारासच तयार होत होता. भिंगातून नुसते बारीक ठिपके दिसले तर ते छापखान्यातलं आधुनिक पुनर्मुद्रण आहे, तिथे वाद घालायची गरजच नाही. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातली ही व्यंगचित्रं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, मोबाइलवर उघडून शेजारी धरा आणि रेघांची धार ताडून बघा. झिजलेल्या प्लेटवर सावलीतल्या बारीक रेघा आधी जातात. आणि पावतीवर स्पष्ट लिहून घ्या: कोणत्या प्रकाशकाने, कोणत्या वर्षी छापलेली प्रत. "मूळ" हा शब्द एकटा घेऊ नका, मूळ प्लेट आणि मूळ छाप यांच्यात माझे चारशे वीस पौंड गेलेत.

बोन यांचा छाप घेणं चूक आहे असं मी म्हणत नाही. तोही पावणेदोनशे वर्षं जुना आहे आणि गिलरे यांच्याच हातची रेघ त्यात आहे. त्याच्या किमतीत, त्याच्या नावाने मिळाला असता तर मी आनंदाने घेतला असता.

चित्र मी विकलं नाही. फ्रेमवाल्याने बुरशी कोरड्या ब्रशने झाडून दिली आणि आता दोन्ही बाजूंना काच बसवून दिली आहे. चौकट रुंद करून घेतली, कोपऱ्यातला क्रमांक मोकळा झाला. काच बसवण्याआधी खालच्या कोऱ्या पट्टीवर मी मऊ पेन्सिलने लिहिलं: "बोन, १८५१. रंग नंतरचा." माझ्यामागे घरातल्या कुणी ते विकायला काढलं, तर घेणाऱ्याला ते वाचता यावं.