थैली, पाकीट की क्यूआर?

मावसभाऊ नुकताच पुण्यात बदलून आलाय. परवा त्यानं विचारलं, "दादा, दान कसं देतोस? इथं तर तीन-तीन तऱ्हा दिसतायत." आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अर्पणाच्या गीताला थैली फिरते, दशांशाला (कमाईतला दहावा हिस्सा) नाव-नंबर घातलेली पाकिटं आहेत आणि बाकाच्या पाठीला क्यूआर चिकटवलाय. तिन्ही वापरून झालंय, म्हणून सांगतो.

क्यूआरवर माझा राग नाही. २०२०चा ईस्टर आपण सगळ्यांनी घरात मोबाइलसमोर बसून केला. महिनोन्‌महिने देवळाला कुलूप असताना पाळकांचं मानधन आणि विजेचं बिल यूपीआयवरच निघालं. शिवाय आमची आजी नगरकडच्या गावात हंगामाच्या सणाला ओच्यातून बाजरी न्यायची. तिच्या लेखी थैलीतली नाणी हीच नवलाई होती. तेव्हा क्यूआर आला आणि भक्ती आटली, असलं काही मी म्हणणार नाही. (एक मात्र लक्षात ठेव: अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या धाकट्याला हा क्यूआर पाठवू नकोस. त्याचे पैसे विदेशी देणगी धरतात, आणि एफसीआरएची (विदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी नसेल तर मंडळीच अडचणीत येते.)

पाकिटाचं थोडक्यात: हिशेब चोख राहतो. मंडळीचा कारभार बघणारे दोन पंच समोरासमोर बसून मोजतात, वहीत लिहितात. फक्त दोन-तीन रविवार चुकले की रिकामी पाकिटं ड्रॉवरमधून आपल्याकडे बघत राहतात.

माझं बिनसलं ते एका साध्या गोष्टीवरून. दर रविवारी मी क्यूआरवर पाचशे टाकायचो. मुलीच्या फीच्या महिन्यात दोनशेच टाकले. उपासना संपली, बाहेर चहाचा कप हातात घेतो न घेतो तोच एक पंच हसत म्हणाले, "काय हो, या वेळी हात आखडता?" मनात काही नव्हतं बिचाऱ्यांच्या. खात्याला त्यांचा मोबाइल जोडलेला. माझं नाव आणि आकडा उपदेश सुरू व्हायच्या आत त्यांच्या खिशात पोचला होता. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे बायबलमधलं मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वचन आम्ही पाठ केलेलं. इथं दोन्ही हात राहिले बाजूला, पंचांना आधी कळलं! पुढच्या रविवारी मी पाचशे टाकले, पण ते देवासाठी की त्या चहासाठी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

नाव तर पाकिटावरही असतं, हे कबूल. पण ते वहीत जाऊन मिटतं. थैलीत मूठ आत गेली की दहाची नोट काय नि पाचशेची काय, शेजारच्यालासुद्धा कळत नाही. तुमच्या मंडळीत खातं कार्यालयातला कुणी सांभाळत असेल, तर कदाचित क्यूआरच बरा पडेल. दशांश मी अजून पाकिटातूनच देतो. रविवारचं अर्पण मात्र थैलीत.

त्रास एवढाच की एटीएममधून बहुतेक वेळा पाचशेच्याच नोटा येतात. म्हणून शनिवारी संध्याकाळी भाजी रोखीनं घेतो. चाळीस रुपयांच्या मेथीला पाचशेची नोट पुढे केली की भाजीवाली मावशी गल्ल्याशेजारच्या क्यूआरकडे बोट दाखवते, आणि मी मान हलवतो.