जिप्सीचा हीटर बॉक्स खोलून दुरुस्त करणारं गॅरेज

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो. एसी नसलेल्या जुन्या मारुती जिप्सीत तेव्हा पुढच्या काचेखालच्या जाळीतून येणाऱ्या हवेवरच भागवावं लागतं. ती हवा पायाशी गरम लागत असेल, डॅशबोर्डच्या झरोक्यांतून जेमतेम येत असेल आणि सोबत काळ्या मातीची धूळ आणत असेल, तर बहुतेक ठिकाणी डॅशबोर्डवर छोटा पंखा बसवून देतात. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या बाजूला असलेलं एक छोटं गॅरेज मात्र सरळ हीटर बॉक्स, म्हणजे डॅशबोर्डमागचा हवा गरम करून झरोक्यांकडे वळवणारा डबा, बाहेर काढतं. १९८५ पासूनची एमजी ४१० असो की १९९६ नंतरची १३०० सीसीची जिप्सी किंग, दोन्हींवर त्यांचा हात बसलेला आहे.

बॉक्स काढायचा म्हणजे अख्खा डॅशबोर्ड सोडवावा लागतो, त्यामुळे गाडी दोन दिवस तिथेच राहते असं धरून चाला. आधी बॅटरी सोडवतात, इंजिन गार झाल्यावर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) काढतात आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून त्यावर नंबर लिहितात. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) आत जाणारे दोन रबरी पाइप वर्षानुवर्षं नळीला चिकटलेले असतात. ते ओढून काढले तर हीटर कोअरची (गरम कूलंट फिरणाऱ्या छोट्या रेडिएटरची) नळी वाकते आणि पुढे कोअर गळतो. इथे पाइप ब्लेडने उभा चिरून सोडवतात आणि बसवताना पाइप व क्लिपा नव्या घालतात. बिलात हे वेगळं धरतात, आणि ते योग्यच आहे.

बॉक्समधल्या फ्लॅपच्या (हवेची वाट बदलणाऱ्या झडपेच्या) कडेचा मूळ फोम हात लावताच भुगा होतो. तोच भुगा ब्लोअर लावला की डोळ्यांत येतो. बदली फोम कोणता बसवणार, हे आधी विचारून घ्या. सोफ्यातला मऊ स्पंज पाणी आणि धूळ धरून ठेवतो आणि लवकरच पुन्हा विरतो. बंद छिद्रांचा ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) फोम हवा. गॅरेजकडे तो असतो, पण हाताशी असेल त्या जाडीचा लावायची त्यांना सवय आहे, आणि यावर आमचा आक्षेप आहे. पट्टी मूळ जाडीपेक्षा जाड झाली की फ्लॅप टेकत नाही, डॅशबोर्डवरचा लीव्हर जोर लावून ढकलावा लागतो, तार वाकते आणि शेवटी प्लास्टिकची दांडी तुटते. जुन्या फोमचा न झिजलेला तुकडा सापडला तर तो मोजायला लावा. चिकटवण्यासाठी उष्णता सोसणारं कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह दोन्ही बाजूंना लावून, ते बोटाला चिकटेनासं झाल्यावरच दाबायचं. हे काम ते घाई न करता करतात.

प्लास्टिकच्या कामात त्यांचा हातखंडा आहे. तुकड्यावर ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलीन) अशी छापील खूण असेल तर त्याला साधा गोंद धरत नाही. ते त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून सांधा भरतात. झरोक्याच्या पात्याची तुटलेली खुंटी पुन्हा चिकटवत बसत नाहीत. बारीक भोक पाडून त्यात पोलादी पिन घालतात, आणि असा सांधा मूळ खुंटीपेक्षा जास्त टिकतो.

लीव्हरच्या केबलला सायकलच्या ब्रेकची तार घालून आणलेल्या जिप्सी कितीतरी दिसतात. ती तार ओढते, पण पिळाची असल्यामुळे ढकलू शकत नाही. त्यामुळे फ्लॅप एका बाजूला जातो आणि तिथेच राहतो. इथे एकेरी कडक तार वापरतात. बाहेरचं आवरण क्लिपमध्ये घट्ट बसलंय का, हेही बघतात. लीव्हर थंड बाजूला पूर्ण नेल्यावर हीटरचा कॉक (कोअरकडे जाणारं कूलंट अडवणारी तोटी) पूर्ण बंद होतो की नाही, हे इंजिन तापल्यावर समोर तपासून घ्या. कॉक जरासा उघडा राहिला तरी गरम कूलंट कोअरमधून फिरत राहतं आणि उन्हाळ्यात झरोक्यातून आणखी तापलेली हवा येते. काही जण दोन्ही पाइप इंजिनकडेच एकमेकांना जोडून टाकतात. त्याने उन्हाळा निभतो, पण पावसात काचेवर धरलेली वाफ घालवायला गरम हवा उरत नाही.

ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल तर मोटर बदलू नका, कमी वेगांसाठी वीज रोखणारा रेझिस्टर जळलेला असतो. हवेच्या वाटेत बसवलेला असल्याने तो हवेनेच गार राहतो, म्हणून जाळी तुंबली की तो पुन्हा जळतो. मोटर ओरडत असेल तर बुश कोरडे पडलेत. गॅरेज बुश आणि कार्बन ब्रश दोन्ही बदलतं आणि पंख्याच्या पात्यांतली माती काढतं. एका बाजूला माती साचली की पंखा थरथरतो आणि नवे बुशही लवकर खातो. फ्यूज मूळच्याच अँपिअरचा हवा. मोठा घातला तर फ्यूज तसाच राहतो आणि वायर जळते.

त्यांची खरी कमतरता काऊलची, म्हणजे पुढच्या काचेखालच्या पन्हळीची, आहे. बॉक्स चकाचक करून देतात, पण वरच्या जाळीखालच्या पन्हळीत साचलेला कडुलिंबाचा पाला आणि तुंबलेली निचऱ्याची भोकं सांगितल्याशिवाय बघत नाहीत. तिथलं पाणी बॉक्सवाटे पायाशी उतरतं, गालिचा ओला राहतो आणि खालचा पत्रा गंजतो. डॅशबोर्ड बसवण्याआधी जाळीत एक तांब्या पाणी ओतायला सांगा. ते चाकांच्या बाजूने बाहेर पडलं पाहिजे, आत थेंबही येता कामा नये. आत आलंच, तर बॉक्स आणि पत्रा यांच्यामधली गॅस्केट पुन्हा बसवून घ्या. डॅशबोर्ड चढल्यावर हेच काम करायचं तर आणखी दोन दिवस जातात.

गाडी संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकली की लगेच टाका. मार्चपासून तिथे एसीच्या गाड्यांची रांग लागते.