रोजचा भाग की भाऊचा धक्का?

२०२४ सालचा ‘बिग बॉस मराठी’चा पाचवा सीझन मी पहिल्यापासून बघितला. आठवडाभराचे रोजचे भाग आणि सूत्रसंचालक रितेश देशमुख शनिवार-रविवारी स्पर्धकांची हजेरी घ्यायचा तो ‘भाऊचा धक्का’, यात माझं मत स्पष्ट आहे: रोजचा भागच सरस.

धक्क्याची मजा वेगळी, हे मान्य. पहिल्याच आठवड्यात स्पर्धक निक्की तांबोळी सहस्पर्धक वर्षा उसगांवकरांशी ज्या भाषेत बोलली, त्यावर रितेशने तिला खडसावलं तेव्हा जिवाला बरं वाटलं. ज्येष्ठ कलाकाराचा मान राखलाच पाहिजे. पण धक्क्यावर सगळे नटूनथटून सोफ्यावर बसतात, तोलूनमापून बोलतात.

माणूस कळतो तो मधल्या वारी. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा स्पर्धक सूरज चव्हाण मला तिथेच उमगला. बाकीचे डावपेच आखत बसायचे, तेव्हा हा पोरगा हातात झाडू घेऊन मुकाट्याने घर झाडायचा. कुणी सांगितलं म्हणून नाही, सवयच ती. सत्तर दिवसांनी ट्रॉफी त्याच्या हातात आली, तेव्हा आमच्या घरी आईने देवापुढे साखर ठेवली.

वेळच नसेल तर फक्त धक्का बघा, आठवड्याचा गोषवारा मिळतो. झाडू मात्र दिसणार नाही.