चांदीचं पाणी करायचा घरगुती संच : प्रयोगाला छान, प्यायला नको

सासूबाईंचा खोकला महिनाभर हटेना, म्हणून धाकट्या भाऊजींनी हा संच ऑनलाइन मागवला. किंमत १,४५० रुपये. डब्यात ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, क्रोकोडाइल क्लिपा लावलेली वायर, बोटभर लांबीच्या दोन चांदीच्या तारा, लाल लेझर आणि चार पानी पुस्तिका. पुस्तिका सांगते, २० मिनिटांत १० पीपीएमचं (म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम चांदी) कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण तरंगणारं पाणी, तयार; सकाळ-संध्याकाळ दोन चमचे घ्या, सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत सगळं बरं. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सासर हुपरीचं, घरात तीन पिढ्या चांदीच्या पैंजणांचं काम. संच मी आठवडाभर माझ्याकडेच ठेवून घेतला.

यंत्र चालतं, हे आधी सांगते. ग्लासात २०० मिली डिस्टिल्ड वॉटर घेतलं, तारा बुडवल्या, बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या. पाचेक मिनिटं काही दिसत नाही. मग ऋण तारेवर बारीक बुडबुडे धरतात, हायड्रोजनचे. धन तार काळवंडते आणि तिच्यापासून करडी, धुरासारखी रेघ हळूहळू खाली उतरते. खोलीत अंधार करून लेझर मारला तर पाण्यातून किरण आरपार चमकतो; नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये तो दिसत नाही. पाण्यातल्या सूक्ष्म कणांवरून उजेड विखुरून किरण असा दिसतो, त्याला टिंडाल परिणाम म्हणतात; तो इतका स्वच्छ मी आजवर वर्गात दाखवू शकले नव्हते.

पण लेझरला दिसतात ते फक्त कण. बरीचशी चांदी आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, होऊन पाण्यात विरघळलेली असते. त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, लगेच दुधासारखं पांढुरकं झालं. ते सिल्व्हर क्लोराइड. खिडकीत ठेवलेला तो ग्लास संध्याकाळपर्यंत जांभळट करडा पडला.

मल्टीमीटर लावून विजेचा प्रवाहही मोजला. सुरुवातीला अगदी कमी, मग वाढत गेला. सरासरी १ मिलिअँपिअर धरा. किती विजेने किती धातू उतरतो हे सांगणाऱ्या फॅरडेच्या नियमाने २० मिनिटांत साधारण १.३ मिलिग्रॅम चांदी उतरते, म्हणजे लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. पुस्तिकेतले १० पीपीएम म्हणजे त्याच्या शंभरपट.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, बाळाला चांदीच्या वाटीतून पाजतोच की आपण!” मी म्हटलं, “आई, वाटीतली चांदी वाटीतच राहते हो. इथं बॅटरी लावून ती मुद्दाम पाण्यात उतरवलीय.” मग त्यांना माझी बोटं दाखवली. त्या आठवड्यात सिल्व्हर नायट्रेटची प्रॅक्टिकल्स होती, बोटांवर काळे डाग होते. ते वरवरच्या कातडीवरचे, आठ-दहा दिवसांत निघून जातात. पोटातून गेलेली चांदी कातडीत आतवर साठते आणि उजेडाने तशीच काळवंडते. त्याला आर्जिरिया म्हणतात आणि तो रंग परत जात नाही. अमेरिकेतले पॉल कॅरॅसन घरीच असं पाणी करून वर्षानुवर्षं पीत होते. त्यांचा चेहरा निळा पडला आणि २०१३ मध्ये वारले तेव्हाही तो निळाच होता. तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध नियामक संस्थेने, १९९९ मध्येच सांगितलंय की अशी औषधं ना सुरक्षित मानता येतात, ना गुणकारी. चांदी जंतू मारते हे खरंच आहे, भाजलेल्या जखमेवर डॉक्टर चांदीचं मलम देतात. पण ते वरून लावायचं, बेतशीर.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. सासूबाईंना थायरॉइडची गोळी चालू आहे. पोटातल्या चांदीमुळे ती गोळी अंगात नीट शोषली जाईलच असं नाही. पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही.

मामंजींना तारेचाच संशय आला होता. हातात घेऊन वाकवली नि म्हणाले, “ही चोख नव्हे.” टंच (चांदीच्या शुद्धतेची टक्केवारी) काढून आणला, ९२ निघाला. पुस्तिकेवर ९९.९९ छापलंय. उरलेलं बहुधा तांबं, म्हणजे तेही पाण्यात उतरणार. विक्रेत्याला टंचाची पावती पाठवली. “वापरलेला माल परत घेत नाही,” एवढंच उत्तर आलं. पैसे मिळाले नाहीत. डिस्टिल्ड वॉटरही पुस्तिका ‘बॅटरीच्या दुकानातून आणा’ म्हणते. ते पाणी इन्व्हर्टरसाठी भरलेलं असतं, माणसांसाठी नाही.

औषध म्हणून या संचाला माझ्याकडून शून्य. अकरावी-बारावीच्या प्रयोगासाठी पाचपैकी साडेतीन, तेही चोख तार वेगळी घेतलीत तर. मामंजींनी चोख चांदीची तार ओढून दिलीय आणि संच आता कॉलेजच्या कपाटात आहे, डब्यावर लाल शाईने ‘पिऊ नये’ लिहून. सासूबाईंना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाबाच्या गोळीनेच खोकला येत होता, ती त्यांनी बदलून दिली.