विपश्यना की योगनिद्रा?

वडिलांच्या निधनानंतर झोप उडालेल्या एका मैत्रिणीने विचारले की, इगतपुरीच्या विपश्यना ध्यानशिबिराला जावे की घरीच योगनिद्रा करावी.

सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील शिबिर 10 दिवसांचे असते. शुल्क नसते, जुन्या साधकांच्या दानावर ते चालते. खरी किंमत वेळेची व मनोबलाची आहे, कारण पहाटे 4 वाजता उठून दिवसभरात सुमारे 10 तास बसावे लागते आणि मौनामुळे मन मोकळे करायला जवळचे कोणी नसते. पहिले तीन दिवस श्वासावर लक्ष ठेवल्यानंतर शरीरातील संवेदना प्रतिक्रिया न देता पाहायला शिकवले जाते. दडपलेले दुःख छातीतल्या दाटणीसारखे वर येते, आणि त्याच्यासमोर स्थिर बसणे हीच साधना असते. ताज्या दुःखात हे फार जड जाऊ शकते, असे मला मनापासून वाटते.

स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी मांडलेली योगनिद्रा शवासनात, साधारण अर्ध्या तासात होते. संकल्प, अवयवांवरून फिरणारे लक्ष, जडपणा व हलकेपणा अशा विरुद्ध अनुभूती, असा तिचा क्रम असतो; त्यासाठी सूचनांचे ध्वनिमुद्रण ऐकले तरी पुरते. ती भावनेच्या मुळाशी लगेच नेत नाही, पण थकलेल्या शरीराला विसावा देते.

झोपेचा प्रश्न असलेल्यांनी, लहान मुले सांभाळणाऱ्यांनी योगनिद्रा निवडावी. मन काहीसे सावरले असून जुना राग पुन्हा पुन्हा उसळत असेल, तर विपश्यना योग्य. गंभीर नैराश्य असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.