सॉफ्टमॅक की फुलमॅक: वाय-फाय ड्रायव्हरमधील मोड आणि दर

लिनक्सवर चालणाऱ्या उपकरणासाठी वाय-फाय चिप निवडताना बहुतेकांची नजर प्रथम खोक्यावर छापलेल्या कमाल वेगाकडे जाते. प्रत्यक्षात महत्त्वाचे प्रश्न दोन आहेत: कार्ड कोणकोणत्या मोडमध्ये (म्हणजे भूमिकेत) चालते, आणि प्रत्येक फ्रेम (हवेतून जाणारा माहितीचा एक तुकडा) कोणत्या दराने, म्हणजे वेगाने, पाठवायची हे कोण ठरवते. सॉफ्टमॅक आणि फुलमॅक या दोन प्रकारच्या ड्रायव्हरमधला खरा फरक याच दोन ठिकाणी दिसतो.

सॉफ्टमॅकमध्ये ऑथेंटिकेशन (ओळख पटवणे), असोसिएशन (नेटवर्कशी जोडले जाणे) यांसारखी कामे लिनक्सच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, मॅक८०२११ हा थर सांभाळतो. हा थर २००७ मध्ये लिनक्स २.६.२२ सोबत आला. फुलमॅकमध्ये हीच कामे चिपमध्येच चालणारे सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, करते आणि ड्रायव्हर थेट वाय-फायची मांडणी (कॉन्फिगरेशन) हाताळणाऱ्या सीएफजी८०२११ या कर्नलच्या थराशी बोलतो. कर्नलकडे नोंदणी करताना मोडची आणि बँडनिहाय दरांची यादी मात्र दोघांनाही द्यावी लागते, त्यामुळे कार्डाच्या क्षमता दाखवणाऱ्या ‘आयडब्ल्यू लिस्ट’ या आज्ञेचे उत्तर वरकरणी सारखेच दिसते.

मोडच्या बाबतीत सॉफ्टमॅक उजवा ठरतो. एटीएच९के हा सॉफ्टमॅक ड्रायव्हर स्टेशन (नेटवर्कला जोडले जाणारे उपकरण) आणि ॲक्सेस पॉइंट (इतरांना जोडून घेणारे) यांच्या जोडीला ॲड-हॉक (ॲक्सेस पॉइंटविना थेट जोडणी), मेश (एकमेकांच्या फ्रेम पुढे पाठवणाऱ्या उपकरणांचे जाळे) आणि मॉनिटर (हवेतील सर्व फ्रेम नुसत्या ऐकणे) हे मोडही देतो. ब्रॉडकॉमच्या चिपसाठीचा बीआरसीएमएफमॅक हा फुलमॅक ड्रायव्हर फर्मवेअरच्या मर्यादेत राहतो. मॉनिटर मोडसाठी अनेकांना नेक्समॉनसारखे बदललेले फर्मवेअर वापरावे लागले आहे. अर्थात नुसती मोडची यादी पाहून भागत नाही. स्टेशन आणि ॲक्सेस पॉइंट एकाच वेळी चालवायचे असतील, तर ‘आयडब्ल्यू लिस्ट’च्या उत्तरातील इंटरफेस कॉम्बिनेशनचा, म्हणजे कोणते मोड एकत्र चालतात हे सांगणारा, भाग वाचावा. तेथे चॅनेलची संख्या १ असेल, तर आपले स्टेशन ज्या राउटरला जोडलेले आहे त्याने चॅनेल बदलताच आपल्या ॲक्सेस पॉइंटलाही त्याच चॅनेलवर जावे लागते किंवा बंद पडावे लागते, आणि ही अट दोन्ही प्रकारच्या ड्रायव्हरमध्ये आढळते.

आता दर. ८०२.११बी या वाय-फाय मानकाचे १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस, तसेच नंतरच्या ८०२.११जी ने जोडलेले ६ पासून ५४ पर्यंतचे आठ, असे २.४ गिगाहर्ट्झवर एकूण बारा जुने दर होतात. कर्नल ते १०० केबीपीएसच्या एककात ठेवतो, तर बीकनमध्ये (ॲक्सेस पॉइंट स्वतःची ओळख सांगण्यासाठी वारंवार पाठवतो त्या फ्रेममध्ये) ते ५०० केबीपीएसच्या एककात जातात आणि मूलभूत दराचा, म्हणजे नेटवर्कमधील प्रत्येक उपकरणाला यावाच लागतो अशा दराचा, सर्वांत वरचा बिट १ असतो (म्हणजे आकड्यात १२८ मिळवले जातात); म्हणून ५.५ हा दर कर्नलमध्ये ५५ असतो, पण मूलभूत असल्यास बीकनमध्ये १३९ दिसतो. पॅकेट कॅप्चर (पकडून ठेवलेल्या फ्रेमची नोंद) वाचणारा नवखा माणूस येथे हमखास गोंधळतो. मूलभूत दरांची निवड ॲक्सेस पॉइंटसाठी विशेष महत्त्वाची असते, कारण ब्रॉडकास्ट (सर्वांसाठी एकदमच पाठवलेल्या) फ्रेम सामान्यतः याच दरांनी जातात: १५०० बाइटचा मजकूर १ एमबीपीएसने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, तर ५४ ने पाव मिलिसेकंदही लागत नाही.

दर निवडण्याच्या कामात दोन्ही प्रकारांची वाट पूर्णपणे वेगळी होते. मॅक८०२११ मधील मिन्स्ट्रेल हा अल्गोरिदम सिग्नलच्या ताकदीवर विसंबत नाही. तो अधूनमधून काही फ्रेम वेगळ्या दराने पाठवून पाहतो, प्रत्येक दराच्या यशाची आकडेवारी ठेवतो आणि त्यावरून अपेक्षित थ्रूपुट (प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या माहितीचा वेग) काढतो. ही आकडेवारी डीबगएफएसमधून (कर्नलची अंतर्गत माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या सोयीतून) वाचता येते, आणि दर मर्यादित करून चाचणीही घेता येते. फुलमॅकमध्ये हा निर्णय फर्मवेअरच्या आत होतो. तो चांगला असू शकतो, पण जोडणी अकारण मंदावली तर कारण शोधायला फारसे काही हाती लागत नाही. त्या बदल्यात मुख्य प्रोसेसरवरचा भार कमी होतो आणि वीजही वाचू शकते.

म्हणून मेश नेटवर्क, पॅकेट कॅप्चर किंवा रेडिओच्या वर्तनाचा अभ्यास हा हेतू असेल, तर मी सॉफ्टमॅकच निवडेन. बॅटरीवर चालणारे आणि आयुष्यभर फक्त स्टेशन म्हणून वावरणारे उपकरण असेल, तर फुलमॅक नाकारण्याचे कारण नाही. मात्र नावावर जाऊ नये: एटीएच१०के हा ड्रायव्हर मॅक८०२११ वापरतो, तरीही दराची निवड फर्मवेअरवरच सोपवतो. त्यामुळे मिन्स्ट्रेलची आकडेवारी हवी म्हणून सॉफ्टमॅक घेणाऱ्याने त्या विशिष्ट ड्रायव्हरमध्ये दर नेमके कोण निवडते, हे खरेदीपूर्वीच तपासून घ्यावे.